अठरा लॅपटॉप, एक कुलूप

१

वादळाची सुट्टी संपली त्या शनिवारी सकाळी ज्वांग श्वेफनने जिना चढून वर्कशॉपचं दार उघडलं, दाराबाहेरच्या फळीवर चपला काढून आत पाऊल टाकलं आणि पायाखाली काहीतरी कुरकुरलं. दिवा लावून बघते तर जमिनीवर मक्याचे पोंगे सांडलेले. कामाच्या टेबलावर ग्वाईग्वाईचं हिरवं पाकीट पडलेलं, मधोमध टरकावलेलं.

 तैपेईत जिथं मशीन तिथं, ते नीट चालावं म्हणून, हे पाकीट. ग्वाईग्वाई म्हणजे शहाण्या बाळासारखं वाग. ते हिरवंच हवं, मुदतीतलं हवं, आणि मशीनवर बसलंय तोवर कुणी त्याला तोंड लावायचं नाही. मोठमोठ्या कंपन्यांतले चष्मेवाले इंजिनिअर हा नेम पाळतात आणि कुणी विचारलं तर हसण्यावारी नेतात.

"आता काय वाढून ठेवलंय कोण जाणे," असं पुटपुटत ती पोंगे चुकवत भिंतीकडच्या लॅपटॉपांपाशी गेली.

एका विमा कंपनीने मोडीत काढलेले, दुरुस्त करून शाळेला फुकट द्यायचे ते अठरा लॅपटॉप होते. असल्या लॅपटॉपांचा एक हट्ट असतो. बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो आतल्या चिपमधला चिमुकला प्रोग्राम, फर्मवेअर. तो दारवानच. ज्याची सही ओळखीची त्यालाच आत सोडणार, लिनक्ससारखी फुकटची, खुली सिस्टीम आलेली दिसली की तोंडावर दार लावणार. त्या दारवानाचा पासवर्ड कंपनीकडून मिळवायला श्वेफनने चपला झिजवल्या होत्या. मग सगळ्यांनी मिळून त्याची समजूत काढली, लिनक्स बसवलं, वायफाय चालेना म्हणून तेवढा प्रोग्रामचा तुकडा घरीच लिहून जोडला. गुरुवारी अठराच्या अठरा मशिनं ठणठणीत चालत होती. आज दुपारी डोंगरातल्या शाळेच्या सायुन बाई येऊन ती घेऊन जाणार होत्या.

श्वेफनने वरच्या लॅपटॉपचं बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर कुलपाचं चित्र, खाली पासवर्डची चौकट. तिने नेहमीचा पासवर्ड टाकला. चूक. सावकाश, एकेक अक्षर बघत टाकला. चूक. दुसरा लॅपटॉप घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांचं तेच.

कुणीतरी अठराच्या अठरा दारवान फितवले होते. आणि वर्कशॉपची किल्ली तिला धरून फक्त चौघांकडे होती.

२

बाकीचे तिघे तासाभरात जमले.

सगळ्यात आधी दिंग आला. खाली बाजारात त्याचं जुन्या सुट्या भागांचं दुकान. माणूस तोंडाने फाटका, पण अडीअडचणीला स्क्रूपासून पडद्यापर्यंत सगळं तोच पुरवायचा. फाटलेलं पाकीट पाहून त्याचे डोळे पांढरे झाले.

"कुणी खाल्लं? अरे, कुणी खाल्लं हे?" त्याचा आवाज बसलेला होता, तरी तो ओरडलाच. आणि त्याची नजर सरळ दारात उभ्या असलेल्या बागासकडे गेली.

बागास इंडोनेशियाचा, समारंगचा. इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला. वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवलं त्याच दिवशी भूक लागली म्हणून बिचाऱ्याने सर्व्हरवरचं हिरवं पाकीट फोडलं होतं, आणि वर सगळ्यांपुढे धरून "घ्या ना" म्हणाला होता. तेव्हापासून इथे पंखा बंद पडला तरी त्याचं बिल बागासच्या नावावर फाटायचं.

"मी नाही खाल्लं, दिंगदादा," तो म्हणाला.

"मग उंदराने खाल्लं? उंदराने बसून अठरा पासवर्ड बदलले?"

"भांडू नका," मागून, बाहेरच्या फळीवर आपले कापडी बूट ठेवत, ओउयांग मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे वर्कशॉपचा मूळ पुरुष. उभा जन्म त्यांनी कंपन्यांसाठी असले दारवान लिहिण्यात घालवला आणि म्हातारपणी त्यांनाच गुंगारा द्यायचं शास्त्र पोरांना फुकट शिकवायला बसले. पाकिटाच्या नेमाची थट्टा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गेल्या शनिवारचीच गोष्ट. पाकिटाची मुदत टळून गेलेली श्वेफनच्या ध्यानात आली. तिने घाईघाईने नवं आणून ठेवलं. तेवढ्यात गल्लीत कचऱ्याच्या गाडीची धून वाजली, म्हणून जुनं पाकीट कचऱ्याच्या पिशवीबरोबर तिने मास्तरांच्या हाती दिलं. "चला, तुमच्या देवाला पोचवून येतो," म्हणत ते हसत जिना उतरले होते.

आज मात्र ते हसत नव्हते. "तुमच्याच शास्त्राप्रमाणे पाकीट फुटलं आणि मशिनं रुसली," ते म्हणाले. "त्यात माणूस कशाला शोधता? माझ्याकडे द्या. पंधरा दिवसांत एकेक चिप नीट करून देतो."

"पंधरा दिवस? सायुन बाई दुपारी येतायत, मास्तर!" श्वेफन म्हणाली.

"येऊ देत. मी बोलतो त्यांच्याशी."

"एवढा उपद्व्याप कशाला?" दिंग म्हणाला. "कुलूप पडलेली मशिनं म्हणजे भंगार. मी उचलतो. पडदे तरी सुटतील."

आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्याने फाटलेल्या पाकिटाचा फोटो काढून वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. खाली लिहिलं, "बागासने परत खाल्लं. या वेळी अठरा मशिनं गेली."

ग्रुपवर गावभरची माणसं होती. त्यात बागासचे प्राध्यापकही होते. त्यांचं उत्तर यायला वेळ लागला नाही. श्वेफनने ते वाचलं आणि फोन बागासपुढे धरला.

"संध्याकाळपर्यंत स्पष्टीकरण मिळावं. दान आलेल्या यंत्रांची नासधूस करणारा विद्यार्थी माझ्या प्रयोगशाळेत राहू शकत नाही."

प्रयोगशाळा गेली की शिष्यवृत्ती गेली, आणि शिष्यवृत्ती गेली की इथे राहायचा परवाना गेला. हे बागासला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जमिनीवरचे पोंगे बघत होते.

३

श्वेफनने आपली सगळी नोकरी ताओयुआनच्या एका कारखान्यात परत आलेल्या मालाच्या विभागात काढली होती. तिथे येणारा प्रत्येक लॅपटॉप 'आपोआप' बंद पडलेला असायचा. "मी हातसुद्धा लावला नाही हो," असं गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं आणि मशीन कलतं केलं की कीबोर्डातून बोबा टीचे साबुदाणे गळायचे. माणसावर विश्वास ठेवायची तिची सवय तिथेच मोडली. पुढे ती विभागाची प्रमुख झाली तरी एक नेम तिने सोडला नाही. माणसाचं ऐकायच्या आधी मशीन उताणं करायचं.

तिने पहिला लॅपटॉप उताणा केला आणि दिव्याखाली धरला.

मागच्या स्क्रूंची डोकी चकाकत होती. जुन्या मशीनच्या स्क्रूवर काळी पुटं चढलेली असतात. इथे खाचेच्या कडेने ती खरवडली गेली होती, ताजी. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. शेवटचा लॅपटॉप खाली ठेवून ती स्टुलावर बसली.

पासवर्ड बदलायचा तर कीबोर्डवरून दोन मिनिटांत बदलता येतो. जुना पासवर्ड चौघांना पाठ होता. मग कुणाला काय पडलं होतं म्हणून त्याने अठरा मशिनांची पोटं उघडली?

तिने दिंगला बाजूला घेतलं. "काल कुठे होतास?"

"माझ्यावर संशय? ताई, बायकोच्या माहेरची अख्खी फौज घेऊन कराओकेच्या खोलीत होतो. सरकारने वादळाची सुट्टी दिली, वादळ आलंच नाही, मग करायचं काय? सासूने माईक सोडला नाही आणि मला सोडलं नाही. हा आवाज ऐकतेयस ना?"

"आणि आल्याआल्या भंगाराची गोष्ट काढलीस."

"धंदेवाईक माणूस आहे मी. मयताला गेलो तरी माझं लक्ष पंख्याच्या मोटारीकडे जातं. म्हणून काय मी खून करतो?"

तो निर्लज्ज होता, पण त्याच्या बोलण्याला एक सरळपणा होता. नेमकी तीच गोष्ट श्वेफनला खटकली. इतका सरळ माणूस तिने परत आलेल्या मालाच्या खिडकीवर कधी पाहिला नव्हता. तिने त्याचं नाव खोडलं नाही.

"काल कुणी आलं होतं का, खाली विचार," दिंग म्हणाला. "सोयादूधवाल्या काकूंच्या नजरेतून माशी सुटत नाही."

४

जिन्याच्या तोंडाशीच काकूंचं न्याहारीचं दुकान होतं. त्या कढईतून लांबलचक तळलेली पोळी काढत होत्या.

"काल? तो तुमचा परदेशी मुलगा आला होता की," त्या म्हणाल्या. "पिवळा रेनकोट घालून. दुकान बंद होतं, पण मी आत भांडी घासत होते. वर गेला आणि लगेच खाली आला."

"लगेच म्हणजे?"

"एक पातेलं घासून होतंय न होतंय तोवर. मी हाक मारली, 'जेवलास का रे?' तर एरवी गोड बोलणारं पोर, मान खाली घालून गेलं. भूत बघितल्यासारखं."

"आणखी कुणी?"

"या जिन्याने नाही. मागच्या गल्लीतल्या जिन्याचं मला नका विचारू. तिकडे माझी पाठ."

श्वेफन वर आली. बागास एकटाच कोपऱ्यात बसून पोंगे वेचत होता. एकेक उचलून कागदावर ठेवत होता, जणू तेवढ्याने काही भरून निघणार होतं.

"काल आला होतास इथे?"

"नाही, मावशी."

"काकूंनी बघितलं."

त्याचा हात थांबला. "छत्री विसरलो होतो. ती न्यायला आलो."

श्वेफनने दाराजवळ पाहिलं. बागासची छत्री तिथेच उभी होती. "मग नेली का नाहीस?"

त्याने आणखी एक पोंगा उचलून कागदावर ठेवला.

"दार उघडलंस?"

"नाही."

"दारापर्यंत आलास, किल्ली खिशात, आणि दार न उघडता परत गेलास. का?"

बागासने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "मावशी, मीच केलं असं लिहा ग्रुपवर."

"वेड लागलंय का तुला? शिक्षण जाईल. घरी जावं लागेल."

"जाऊ दे."

श्वेफन त्याच्याकडे बघत राहिली. केलेलं नाकारणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. न केलेलं कबूल करणारा हा पहिलाच. आणि माणूस दुसऱ्याचं पाप अंगावर घेतो तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

५

"दिंग, इकडे ये," तिने हाक मारली. फाटलेलं पाकीट दोन बोटांनी उचलून तिने त्याच्यापुढे धरलं. "हे धर जरा."

त्याने धरलं. तिने पाकिटाची मागची बाजू वळवून छापलेल्या तारखेवर बोट ठेवलं.

दिंगने पाकीट असं टाकलं की जणू विंचूच हातात आला. "मुदत संपलेलं? मशिनांवर? ताई, तू आमचा सत्यानाश करायला बसलीयस का?" तो पळत मोरीवर गेला आणि साबण लावून हात धुऊ लागला. "माझ्या दुकानात मी महिनाभर आधीच बदलतो. संपलेलं पाकीट घरात ठेवण्यापेक्षा साप पाळलेला बरा!"

"मी गेल्याच शनिवारी नवं ठेवलं होतं."

"मग ते कुठाय?"

हाच तर प्रश्न होता. श्वेफन स्टुलावर बसली आणि मनातल्या मनात मांडणी करू लागली.

नवं पाकीट मशिनांवर होतं. कुणीतरी ते अलगद उचललं, आणि फाडायला मात्र जुनं, बाद झालेलं पाकीट आणलं. भुकेला माणूस असं करत नाही. तो समोरचं फोडतो. बागासने पहिल्या दिवशी तेच केलं होतं. पाकिटाला न मानणारा माणूसही असं करत नाही. त्याला नवं काय, जुनं काय. जिवंत पाकीट फाडायला ज्याचा हात धजावला नाही, त्यालाच जुनं शोधावं लागलं. म्हणजे हा मानणारा माणूस.

मानणारा तर दिंग होता. पण दिंगने संपलेलं पाकीट घरात ठेवलं नसतं, आणि हातात घेताना त्याची ही गत झाली. हात धुणं नाटक असेल असं म्हणावं, तर साबणाचा फेस त्याने कोपरापर्यंत नेला होता.

मग संपलेलं पाकीट आलं कुठून? दुकानात मुदत टळलेलं मिळत नाही. या वर्कशॉपमध्ये एकच होतं, आणि ते...

श्वेफनला गेल्या शनिवारची कचऱ्याची गाडी आठवली. ती उठून कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेली. चिपवर थेट लिहायचा चिमटा तिथे असायचा. लॅपटॉपचं पोट उघडायचं, चिमटा चिपवर बसवायचा आणि दारवानच बदलून टाकायचा. नाजूक काम. मधेच हात हलला तर मशीन कायमचं मेलं. असं काम करताना या शहरातला कुणीही माणूस शेजारी काय ठेवून बसतो, हे सांगायला नको.

तिने कपाट उघडलं. चिमट्याच्या डब्याशेजारी हिरवं पाकीट उभं होतं. अख्खं, मुदतीतलं, तोंड समोर करून, खाली स्वच्छ धुतलेला रुमाल अंथरून.

"श्वेफन," मागून ओउयांग मास्तर म्हणाले, "काय शोधतेस?"

६

तिने कपाटाचं दार लावलं नाही. दिंगला तिने सायुन बाईंच्या गाडीला जागा बघायला खाली पिटाळलं आणि बागासला सोयादूध आणायला पाठवलं. मग मास्तरांकडे वळली.

"गेल्या शनिवारी पाकीट कचऱ्यात का नाही टाकलंत?"

मास्तर हसायला गेले, पण ते जमलं नाही. "टाकलं की."

"मास्तर, मी लोकांच्या थापा ऐकून पेन्शन मिळवलीय. आल्या आल्या तुम्ही म्हणालात, एकेक चिप नीट करतो. तेव्हा कुणी एक स्क्रूसुद्धा काढला नव्हता. कुलूप कीबोर्डवरून नाही, थेट चिपवर लिहून लावलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते स्टुलावर बसले. 

"गाडीपर्यंत गेलो," ते हळूच म्हणाले. "टाकवेना. चाळीस वर्षं चिप लिहिताना असलंच एक पाकीट शेजारी होतं. तोंडाने वाटेल ते बोलतो गं मी. हात ऐकत नाहीत."

"आणि काल?"

"वसंतात मी त्या शाळेत गेलो होतो. आपण आधी दिलेली मशिनं बघायला. अर्ध्यांवर लिनक्स नव्हतंच. गावातल्या दुकानदाराकडून पुसून घेतलेलं, वर चोरीची सिस्टीम आणि गोळीबाराचे खेळ. मी आयुष्यभराची विद्या त्यात ओतली आणि पोरांनी ती पुसली. मला रात्र रात्र झोप येईना."

"म्हणून या वेळी कुलूप."

"आपल्या लिनक्सशिवाय दुसरं काही आत शिरणारच नाही असा दारवान लिहिला. कीबोर्डवरून लावलं असतं तर कीबोर्डवरून निघालं असतं, म्हणून चिपमध्येच. एका मशीनवर बनवला, तिथे झकास चालला. मग तोच साचा बाकीच्यांवर उतरवत गेलो, आणि शेवटी पहिल्यावरसुद्धा, सगळी एकसारखी असावीत म्हणून. चालवून बघितलं ते एकदम शेवटी." ते थांबले. "या मशिनांत पासवर्ड प्रत्येकाच्या आतल्या खासगी नंबराशी बांधलेला असतो. एकाचा साचा दुसऱ्याला बसत नाही. पहिल्या वर्गातल्या पोराने करावी अशी चूक. आणि पहिल्यावर साचा बसला, पण नवा पासवर्ड टाकताना माझं बोट चुकलं होतं. आता माझं मलाच उघडेना."

"जुन्या चिपांची प्रत?"

"आहे ना! प्रत्येकाची घेतलीय. परत उतरवता येईल. पण एकेक उघडायची, अंधार पडायला लागलेला, हात थरथरायला लागलेले, आणि एरवीसारखं मशीन धरायला बागास नाही. वेळ हवा होता. वाटलं, पाकीट फुटलं म्हणून सगळे नशिबाला बोल लावतील आणि मी गुपचूप नीट करीन. पोराचं नाव येईल असं मनातसुद्धा नव्हतं, श्वेफन. देवाशपथ."

"आलं तेव्हा?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

श्वेफनला त्यांचा राग आला.  या माणसाकडून ती लिनक्स शिकली होती, याला गुरू म्हणत होती. "बागास काल दारापर्यंत आला आणि दार न उघडता गेला," ती म्हणाली. "बंद दाराबाहेरून काय दिसतं, मास्तर? एकच गोष्ट दिसते. चपलांची फळी. तुमचे कापडी बूट इथे दुसऱ्या कुणाच्या पायात नसतात. आणि आत तुम्ही स्वतःवरच चिडून बोलत असाल, तेही त्याने ऐकलं असणार."

त्यांनी झटकन वर पाहिलं.

"सकाळपासून त्याला ठाऊक आहे. त्याचा परवाना जायची वेळ आली तरी त्याने तुमचं नाव घेतलं नाही. आणि तुम्ही पोंगे बघत बसलात."

खाली गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. सायुन बाई आल्या होत्या.

७

सायुन बाई डोंगरातल्या अतायल आदिवासींपैकी. आडव्या बांध्याच्या, मोठ्याने हसणाऱ्या. त्यांनी बसल्या बसल्या सगळं ऐकून घेतलं. सांगितलं मास्तरांनीच. दिंग बाईंच्या मागोमाग वर आला होता. बागास सोयादुधाचे पेले हातात घेऊन दाराशी उभा होता.

मास्तरांचं बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "पुसलं मुलांनी. खरंय. मग?"

"मग म्हणजे?"

"खेळ टाकले, बिघडवलं, रडली, परत टाकलं. दोघी मुलींनी तर तुमचंच लिनक्स कुठूनसं उतरवून पुन्हा बसवलं, बघू जमतंय का म्हणून. मास्तर, मशिनं तुम्ही त्यांना दिली होती ना? का सांभाळायला ठेवली होती?"

मास्तरांनी मान खाली घातली. दिंगने उगीचच घसा खाकरला.

"कुलूपवाली मला नकोत," बाई म्हणाल्या. "उघडी करून द्या. मी पुढच्या शनिवारी परत येईन. डोंगर कुठे पळून जात नाही."

मग मास्तरांनी फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटाने, ग्रुपवर लिहायला घेतलं. श्वेफनच्या फोनवर ते उमटलं. "अठरा मशिनांना कुलूप मी लावलं. पाकीट मी फाडलं. बागासचा यात काहीही संबंध नाही. ओउयांग."

खाली वाचणाऱ्यांचा आकडा भराभर चढू लागला. थोड्या वेळाने प्राध्यापकांचं उत्तर आलं. बागासने सोमवारी नेहमीसारखं यावं, झाल्या प्रकाराबद्दल आपण दिलगीर आहोत. दिंगनेही लिहिलं, "माझं चुकलं. माझ्याकडून तुला एक जेवण." लिहून झाल्यावर त्याने बागासच्या पाठीत एक धपका घातला आणि घाईने दुकान उघडायला निघून गेला.

बागासचा फोन खिशातच होता. त्याने काही वाचलं नव्हतं.

"बघ तरी," श्वेफन म्हणाली. "तू सुटलास."

"ते सगळ्यांना लिहिलंय, मावशी." त्याने पेले टेबलावर ठेवले आणि मास्तरांसमोर जाऊन उभा राहिला. "मला नाही सांगितलं."

मास्तर उठले. उभं राहताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. 

"तुझं नाव आलं," ते म्हणाले. "मी ऐकलं. तू माझ्याकडे बघितलंस तेही मला दिसलं. मी बोललो नाही. भ्यालो."

"मला वाटत होतं तुम्ही बोलाल," बागास म्हणाला. "म्हणून मी गप्प होतो. मला वाटलं, आता बोलतील. मग वाटलं, आता बोलतील."

 श्वेफनला वाटलं, पोर आता किल्ली काढून टेबलावर ठेवणार. ठेवली असती तर तिने त्याला अडवलं नसतं.

मास्तरांनी पहिला लॅपटॉप ओढून उताणा केला आणि स्क्रू सोडवायला घेतला. स्क्रूड्रायव्हर खाचेतून दोनदा घसरला.  बागासचा हात आपसूक पुढे झाला, आणि मधेच थांबला. त्याने तो मागे घेऊन खिशात घातला.

"आज मी धरणार नाही, मास्तर," तो म्हणाला. "आज तुम्ही एकट्याने करा."

तो छत्री घेऊन दारापर्यंत गेला. बूट चढवले, नाड्या बांधल्या. मग पाठमोराच म्हणाला, "उद्या येतो."